दुबईत शनिवार-रविवारचं ब्रंच: कुठे, कधी आणि कितीला

दुबईत कुणी "शनिवारी ब्रंचला येणार का?" असं विचारलं, तर दुपारी एक ते चार हा वेळ आणि माणशी निदान अडीचशे दिरहम बाजूला काढून ठेवावेत. इथे ब्रंच म्हणजे हॉटेलातलं ठरलेल्या वेळेचं, ठरलेल्या दराचं, हवं तितकं खायचं जेवण. सकाळी दहाला निवांत बसून अंडं, पाव आणि चहा-कॉफी हवी असेल तर त्याला इथे सरळ ब्रेकफास्ट म्हणतात. तो वेगळ्या भागात आणि पाव खर्चात मिळतो. या दोन्हींची गल्लत हमखास होते. घरची मंडळी सकाळी काही न खाता निघतात आणि हॉटेलात पोचल्यावर कळतं की साडेबाराच्या आत कुणाला बसवत नाहीत.

आमचा सल्ला असा: नोव्हेंबर ते मार्चमधला एक शनिवार निवडून हॉटेलचं ब्रंच एकदा नीट करून घ्या. बाकीचे शनिवार-रविवार खाडीकाठच्या जुन्या दुबईला द्या. दुबईचं स्वतःचं खाणं तिथे आहे, आणि भारतातून आलेल्या आई-बाबांनाही तिथेच जास्त रमायला होतं.

आधी वार ठरवा

२०२१ अखेरपर्यंत इथली साप्ताहिक सुट्टी शुक्रवार-शनिवार होती आणि ब्रंच म्हणजे शुक्रवारची दुपार. १ जानेवारी २०२२ पासून सुट्टी शनिवार-रविवारवर आली आणि सरकारी कचेऱ्यांना शुक्रवारी अर्धा दिवस झाला. हॉटेलांनी मुख्य ब्रंच शनिवारी दुपारी नेलं. बऱ्याच ठिकाणी शुक्रवारी संध्याकाळी दुसरं, जरा गाणं-बजावण्याचं 'ईव्हनिंग ब्रंच' सुरू झालं. जुन्या याद्यांमध्ये अजून 'फ्रायडे ब्रंच' हेच नाव सापडतं. ते वाचून शुक्रवारी दुपारी निघू नका. शारजात सरकारी सुट्टी शुक्रवार, शनिवार, रविवार अशी तीन दिवसांची असते. त्यामुळे तिथल्या मित्रांबरोबर बेत आखताना शुक्रवार संध्याकाळ सोयीची पडते. खासगी नोकरीत अनेकांना शनिवारीही काम असतं, त्यांच्या हाती उरतो रविवार.

मराठी घरांत आणखी एक गोष्ट आड येते: वार. शनिवारी सामिष न खाणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत, आणि हॉटेलच्या ब्रंचचा दर बहुतांशी समुद्री खाणं आणि मांसाच्या काउंटरांवर बेतलेला असतो. शनिवार पाळणाऱ्याने पूर्ण दर भरून भाजी, चीज आणि गोड खाऊन परत यायचं हे पटण्यासारखं नाही. अशांनी शुक्रवार संध्याकाळ किंवा रविवारची ठिकाणं बघावीत. रविवारी दुपारचं जेवण देणारी हॉटेलं आहेत, शनिवारच्या मानाने मात्र कमी. श्रावण आणि चतुर्थी आधी कॅलेंडरमध्ये बघून मगच आगाऊ पैसे भरा.

रमजानच्या महिन्यात दुपारचं ब्रंच बहुतेक हॉटेलं थांबवतात आणि सूर्यास्तानंतर इफ्तारचा बुफे लावतात. त्या महिन्यात पाहुणे येणार असतील तर ब्रंचचा हट्ट सोडून इफ्तारला न्या. अख्खं कुटुंब बरोबर असेल तर ते जास्त चांगलं.

हॉटेलचं ब्रंच: पैशांचं गणित

दर पेयांवर ठरतो, अन्न सगळ्यांना सारखंच. साधारण तीन पायऱ्या असतात. 'सॉफ्ट' म्हणजे सरबतं, ज्यूस, पाणी. 'हाऊस' म्हणजे त्यात बिअर, वाइन आणि साधं मद्य. सगळ्यात वर फेसाळ वाइन किंवा शॅम्पेन. चांगल्या हॉटेलात सॉफ्टचा दर साधारण २५० ते ४०० दिरहम आणि मद्यासह ४५० ते ७०० दिरहम असा धरून चाला. त्याहून वरही जातो.

मद्याचं पॅकेज परवडतं का, हे फरकावरून काढा. सॉफ्ट आणि हाऊसमध्ये दीडशे दिरहमचा फरक असेल आणि हॉटेलात एक ग्लास पन्नासच्या आसपास पडत असेल, तर तीन ग्लासांना बरोबरी होते. तीनपेक्षा कमी घेणार असाल तर सॉफ्ट घ्या आणि एखादा ग्लास वेगळा मागवा. एका टेबलावर प्रत्येकाला वेगळं पॅकेज घेता येतं का, हे मात्र आधी विचारा. काही ठिकाणी सगळ्या टेबलाला एकच घ्यावं लागतं.

कर हा दुसरा मुद्दा. हॉटेलात ५ टक्के व्हॅट, ७ टक्के नगरपालिकेची फी आणि बहुधा १० टक्के सेवा आकार असतो. बहुतेक ब्रंचचे दर हे सगळं धरून सांगतात, पण 'प्लस प्लस' असं काही दिसलं की ४०० चे ४९० होतील हे समजून चला. चार जणांत हा फरक साडेतीनशेवर जातो.

मुलांचे नियम प्रत्येक हॉटेलचे वेगळे. सहापर्यंत मोफत आणि पुढे बारापर्यंत निम्मा दर, ही पद्धत बरीच दिसते, पण गृहीत धरू नका. काही ब्रंच निव्वळ मोठ्यांची असतात: पाम जुमेराच्या टोकाला अटलांटिसमधल्या 'सॅफ्रन'चं नाव मोठं आहे, पण तिथे २१ वर्षांखालच्यांना प्रवेश नाही, आणि गाण्यांचा आवाज इतका की गप्पा होत नाहीत. मित्रमंडळींसाठी उत्तम, सासू-सासऱ्यांसाठी मुळीच नाही. कुटुंबाला न्यायचं तर वेस्टिन मिना सियाहीचं 'बबलिशस' किंवा मदिनत जुमेरातल्या अल कस्रचं ब्रंच बघा. दोन्ही जुनी आणि नावाजलेली आहेत, दोन्हींचा पसारा मोठा आहे. वेस्टिनला मेट्रोने जाता येतं: रेड लाइनवर शोभा रिअल्टी स्टेशनला उतरा, पुलावरून ट्रामकडे या आणि मिना सियाही थांब्यावर उतरा. अल कस्रसाठी मॉल ऑफ द एमिरेट्स स्टेशनवरून टॅक्सी घ्यावी लागते. वेळा आणि दर हंगामागणिक बदलतात, म्हणून टेबल घेण्याआधी फोन कराच.

फोनवर किंवा संदेशात नेमकं हे विचारा:

- बुफे आहे, टेबलावर वाटून खायच्या थाळ्या येतात, की मेन्यूतून मागवायचं?
- जेवण कितीला संपतं आणि पेयांची शेवटची ऑर्डर कधी?
- टेबल आत आहे की बाहेर? बाहेर असेल तर दोननंतर सावली कुठे असते?
- आयत्या वेळी रद्द केलं तर किती पैसे कापणार?
- एकावर एक मोफत देणाऱ्या ॲपचं कूपन शनिवारी चालतं का? (एन्टरटेनरसारख्या ॲपवर ब्रंच दिसतं, पण सण आणि सुट्टीच्या दिवशी बरेचदा वगळलेलं असतं.)

यातला पहिला प्रश्न शाकाहारींसाठी सगळ्यात महत्त्वाचा. बुफेत आपापलं निवडता येतं. वाटून खायच्या थाळ्या मात्र माणसांच्या संख्येवर येतात. सहा जणांत दोघं शाकाहारी असतील आणि हे आधी कळवलं नसेल, तर त्या दोघांच्या वाट्याला हमूस, सॅलड आणि तळलेले बटाटे एवढंच उरतं. टेबल घेतानाच 'सहापैकी दोन शाकाहारी, अंडंही नाही' असं लेखी सांगा. इथे व्हेजिटेरियन म्हटलं की अंडं चालतं असंच धरतात.

बुफेतही चार ठिकाणी नजर ठेवा. सूप मसूर डाळीचं असलं तरी त्यात कोंबडीचं पाणी असू शकतं. चिनी भाज्यांत ऑयस्टर सॉस असतो. पॅनाकोटा, मूस, मार्शमॅलो यांत जिलेटिन असतं. चौथं म्हणजे तळणीचं तेल: एकाच कढईत भाज्यांचे रोल आणि कोळंबी दोन्ही तळतात का ते विचारायला संकोचू नका. काउंटरमागे बहुधा भारतीय, नेपाळी किंवा फिलिपिनो मंडळी असतात, ती खरं ते सांगतात. डुकराचं मांस देणाऱ्या हॉटेलात त्याचा कोपरा पाटी लावून वेगळा ठेवलेला असतो.

बुफेत कसं खायचं

वेळ ठरलेली आहे, हे पहिलं लक्षात घ्या. एकचं ब्रंच असेल आणि तुम्ही दोनला पोचलात, तरी ते चारलाच संपतं. पावणेएकला दारात असणं उत्तम. त्या पंधरा मिनिटांत टेबल बघून घ्या, ऊन येत असेल तर बदलून मागा. नंतर बदलून मिळत नाही.

बसल्याबरोबर ताट उचलू नका. एक पूर्ण फेरी रिकाम्या हाताने मारा. मोठ्या ब्रंचमध्ये दोन-तीन दालनं आणि बाहेर अंगण असतं. ज्यासाठी आलात तो समोर शिजवून देणारा काउंटर सगळ्यात लांब असतो आणि तो दिसेपर्यंत पोट पाव-चीजने भरलेलं असतं. सगळ्यात मोठा घोटाळा इथेच होतो. दाराजवळ मुद्दाम पाव, चीज आणि सॅलड मांडलेलं असतं, कारण ते स्वस्त आणि पोटभरीचं असतं.

पहिल्या अर्ध्या तासात बर्फावरचं थंड समुद्री खाणं घ्या: ऑयस्टर, कोळंबी, खेकडा. अडीचनंतर बर्फ वितळतो, माणसांचे हात लागलेले असतात, तेव्हा तिकडे फिरकू नका. मग अर्धा तास थांबा. त्यानंतर ग्रिल आणि सुरीने कापून देणारे काउंटर: तिथे दीड ते दोनच्या सुमारास रांग मोठी असते, सव्वादोनला ओसरते. ताटात एका वेळी तीनच पदार्थ. गोडाला साडेतीनच्या आधी जा, कारण शेवटच्या वीस मिनिटांत सगळेच तिथे येतात.

पेयांची शेवटची ऑर्डर संपण्याच्या पंधरा ते तीस मिनिटं आधी घेतात. पाणी शेवटपर्यंत मागत राहा. वाळवंटातल्या हवेत बाहेर बसल्यावर घाम जाणवत नाही, लगेच सुकतो, त्यामुळे तहानही उशिरा कळते आणि डोकं दुखायला लागल्यावर कारण सापडत नाही.

कपडे नीटनेटके हवेत. रबरी चपला आणि पोहायचे कपडे यांवर दारातून परत पाठवतात. पासपोर्ट किंवा एमिरेट्स आयडी जवळ ठेवा, मद्यासाठी वय २१ लागतं. आणि गाडी घरी ठेवा. मद्य पिऊन गाडी चालवण्याबाबत इथे अजिबात सवलत नाही, एका ग्लासाचीही नाही. सार्वजनिक ठिकाणी झोकांड्या खात फिरणं हाही गुन्हा आहे, म्हणून हॉटेलच्या दारातून सरळ टॅक्सी. चार वाजता सगळी हॉटेलं एकदम मोकळी होतात आणि टॅक्सीची रांग लांबते. साडेतीनलाच ॲपवर गाडी मागवून ठेवा किंवा पाचपर्यंत लॉबीत बसा.

मे ते सप्टेंबर बाहेरचं टेबल विसरा. तापमान चाळिशीच्या आसपास असतं आणि समुद्राजवळ दमटपणा त्याहून वाईट. याच महिन्यांत हॉटेलं दर उतरवतात. आत बसायची तयारी असेल तर तेवढंच जेवण कमी पैशांत मिळतं.

रविवार सकाळ: खाडीकाठी

खरं सांगायचं तर आमचा जीव इथे आहे. मेट्रो रविवारी सकाळी आठला सुरू होते, इतर दिवशी पहाटे पाचला, हे विसरून लोक साडेसातला स्टेशनवर उभे राहतात. ग्रीन लाइनवर शरफ डीजी स्टेशनला (पूर्वीचं नाव अल फहिदी) उतरा. तिथून दहा-पंधरा मिनिटं चालत अल फहिदीची जुनी वस्ती लागते. प्रवाळाच्या दगडांची घरं, अरुंद बोळ आणि वर चौकोनी वाऱ्याचे मनोरे. हे मनोरे वरचा वारा पकडून खाली खोलीत सोडतात, वीज यायच्या आधी इथला पंखा हाच. नऊच्या आत पोचलात तर बोळांत सावली आणि शांतता दोन्ही मिळतात. अकरानंतर पर्यटकांच्या बस येतात.

इथे अरेबियन टी हाऊसच्या अंगणात, झाडाखाली बसून एमिराती, म्हणजे इथल्या मूळ लोकांच्या, नाश्त्याची थाळी मागवा. दोघांत एक पुरते. त्यात काय येतं हे माहीत असलं की खाताना गोंधळ होत नाही. 'बलालीत' म्हणजे साखर, केशर, वेलची घातलेल्या मोकळ्या शेवया आणि त्यांवर पसरलेलं अंड्याचं ऑम्लेट. आपल्याला आधी हे विचित्र वाटतं. वेगवेगळं खाऊन बघतो आणि शेवया नुसत्या गोड लागतात. दोन्ही एकाच घासात घ्या, खारट अंडं गोडाला आवरतं. अंडं नको असेल तर वेगळं किंवा वगळून मागा. 'खमीर' हा केशर-वेलचीचा फुगीर पाव, त्याला चीज आणि खजुराचा पाक लावून खायचा. 'छबाब' म्हणजे जाडसर गोड धिरडं. 'दंगो' म्हणजे लाल मिरचीवर उकडलेले काबुली चणे, हे शाकाहारींना पोटभर होतात. शेवटी 'लुगेमात': आपल्या गुलगुल्यांचे भाऊ, पण मैद्याचे, वरून कुरकुरीत आणि आतून पोकळ, त्यांवर खजुराचा पाक. ते गरम असतानाच खा, दहा मिनिटांत मऊ पडतात. पाक ओतून आणण्याऐवजी वाटीत बाजूला मागितला तर जास्त टिकतात.

इथेच शेख मोहम्मद सेंटर फॉर कल्चरल अंडरस्टँडिंग या संस्थेचा नाश्ता असतो. जमिनीवर गालिच्यावर बसायचं, एमिराती यजमान वाढतात आणि कुठलाही प्रश्न विचारू देतात: बुरखा, लग्नं, नमाज, काहीही. ठरावीक दिवशीच असतो आणि आधी नाव नोंदवावं लागतं. इथे वर्षानुवर्षं राहूनही एकाही एमिराती माणसाशी जेवणाच्या ताटावर बोलणं झालं नाही असे आपल्यातले किती तरी जण आहेत. त्यांनी एकदा तरी जावंच.

रिगाग, म्हणजे इथली पातळ रोटी, मात्र बनताना बघून खा. गोल लोखंडी तवा तापलेला असतो. बाई ओल्या, चिकट पिठाचा गोळा हातात घेते आणि तव्यावर गोल गोल फिरवत त्याचा फक्त थर चिकटवून गोळा परत उचलते. जे उरतं ते कागदासारखं पातळ. लगेच त्यावर अंडं फोडून पात्याने पसरते, चीज टाकते, कडा सुटल्या की दुमडते. आपल्या मांड्याइतकं पातळ, पण कुरकुरीत. यात एक धोका आहे. वरून फिरवलेला तपकिरी पातळ रस चिंचेच्या चटणीसारखा दिसतो, पण तो 'महयावा' असतो, छोटे मासे मुरवून केलेला. शाकाहारींनी 'महयावा नको' हे पीठ तव्यावर पडायच्या आधी सांगायचं. मासे खाणाऱ्यांना सुकटीची सवय असेल तर तो फार आवडतो.

खाल्ल्यावर खाडीकाठाने कापडबाजारातून चालत बर दुबईच्या धक्क्यावर या आणि अब्रा, म्हणजे लाकडी होडीने पलीकडे देराला जा. माणशी एक दिरहम, म्हणून सुटी नाणी खिशात ठेवा. पाचेक मिनिटांत मसाल्याच्या बाजारासमोर उतरता. तिथे दीड-दोन दिरहमचा करक, म्हणजे दुधात कढवलेला वेलचीचा कडक चहा, हातात घेऊन फिरा. फक्त तो कप घेऊन मेट्रोत शिरू नका, आत खाण्या-पिण्याला शंभर दिरहम दंड आहे.

दोघांचा हा सगळा खर्च दीडशे दिरहमच्या आत बसतो. गाडीने येणार असाल तर रविवारी रस्त्यावरचं सरकारी पार्किंग मोफत असतं, बहुमजली पार्किंगला मात्र पैसे पडतात.

घरच्यांना अरबी खाणं नकोच असेल तर करामा गाठा. रेड लाइनवर एडीसीबी स्टेशनवरून चालत जाता येतं. सरवणा भवन, कामत, पुरणमल ही सगळी शाकाहारी मंडळी याच भागात आहेत. रविवारी साडेनऊ ते साडेअकरा टेबलासाठी थांबावं लागतं, त्याच्या आधी पोचा. मांसाहारी आणि दणदणीत हवं असेल तर सतव्यात रावी, १९७८ पासूनचं पाकिस्तानी हॉटेल. निहारी आणि तंदूरची रोटी मागवा, लिंबू पिळा आणि दोघांत एकच घ्या, कारण वाटी खोल असते.